दुखत नाही, तोवरच दाखवायचं

श्रावणात आमच्या गावच्या उपकेंद्रात बायकांची तपासणी होती. आशाताई सकाळीच दारात आल्या आणि वहिनींना म्हणाल्या, "अकराला या बरं का, पिशवीच्या तोंडाची तपासणी हाय." वहिनींचे हात पिठात होते. भाकरी थापता थापताच त्या म्हणाल्या, "मला काय झालंय? पाळी येळेवर येती, अंगावरून काई जात न्हाई. ज्यांना तरास हाय त्यांना न्या."

आपल्याकडे दवाखान्याची पायरी चढायची ती काहीतरी झाल्यावरच. ताप आला, कंबर धरली, रक्त गेलं, की मग एसटी धरायची. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरला ही सवय फार सोयीची पडते. हा आजार सुरुवातीची कित्येक वर्षं दुखत नाही, खुपत नाही, कसलीही खूण दाखवत नाही. त्या काळात सापडला तर पाच-दहा मिनिटांच्या उपचारात मिटतो. रक्त जायला लागल्यावर सापडला तर शेक, म्हणजे रेडिएशन, किमो आणि मोठं ऑपरेशन. म्हणून या कॅन्सरबाबत सरकारचं धोरण त्रास असलेल्या बायकांपुरतं नाही. वहिनींसारख्या ठणठणीत बाईसाठीच ते आखलेलं आहे. मला स्वतःला हे समजायला बरीच वर्षं लागली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी आजार समजून घेऊ. गर्भाशयाला आपण पिशवी म्हणतो. तिचं खालचं टोक योनीत उघडतं, ते पिशवीचं तोंड. हाताला ते साधारण नाकाच्या शेंड्यासारखं लागतं आणि मधोमध बारीक छिद्र असतं. इथं होणाऱ्या कॅन्सरच्या मुळाशी जवळपास प्रत्येक वेळी एक विषाणू असतो, त्याचं नाव एचपीव्ही. हा शोध लावणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांना 2008 साली नोबेल पारितोषिक मिळालं. या विषाणूचे प्रकार पुष्कळ आहेत, पण 16 आणि 18 क्रमांकाचे दोन प्रकार मिळून जगातल्या सुमारे 70 टक्के केसेसना कारणीभूत ठरतात.

हा विषाणू शरीरसंबंधातून येतो. हे वाक्य ऐकलं की गावात लगेच माना वळतात, म्हणून पुढचंही इथंच सांगते. संसारात असलेल्या बहुतेक बायकांना आणि पुरुषांना हा विषाणू आयुष्यात कधी ना कधी लागतोच. एकाच नवऱ्याशी संसार केलेल्या बाईलाही लागतो. त्यावरून कुणाच्याही वागणुकीचा अंदाज बांधता येत नाही आणि बांधूही नये. बहुतेकींच्या शरीरातून तो एक-दोन वर्षांत आपोआप निघून जातो, कळतसुद्धा नाही. थोड्याजणींच्या अंगात तो मुक्काम ठोकतो. मग पिशवीच्या तोंडावरच्या पेशी हळूहळू बदलतात, आणि त्या बदलाचा कॅन्सर व्हायला साधारण 10 ते 20 वर्षं जातात. एचआयव्ही असलेल्या बाईत हा प्रवास लवकर होतो, म्हणून तिची तपासणीही लवकर सुरू करायची असते.

दहा-वीस वर्षं म्हणजे केवढा मोठा अवधी. एवढा वेळ देणारे कॅन्सर फार थोडे. तरीही 2022 सालच्या जागतिक अंदाजानुसार भारतात एका वर्षात सव्वा लाखाहून जास्त बायकांना हा कॅन्सर झाला आणि जवळपास 80 हजार दगावल्या. म्हणजे दर सात मिनिटांच्या आत एक बाई. यातल्या बहुतेकींच्या हातात कधीकाळी ती दहा वर्षं होती.

केंद्र सरकारने 2016 साली तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी तपासणीचा आराखडा काढला. 30 ते 65 वयाच्या प्रत्येक बाईची दर पाच वर्षांनी गर्भाशयमुखाची तपासणी व्हावी, असं त्यात ठरलं. आशाताई तिशीपुढच्या माणसांचा जो फॉर्म घरोघर भरतात, कंबरेचा घेर टेपने मोजतात, तंबाखू विचारतात, तो याच साखळीचा पहिला दुवा. दोन पाळ्यांच्या मधे रक्त जातं का, पाळी गेल्यावर पुन्हा जातं का, नवऱ्याजवळ गेल्यावर जातं का, घाण वासाचं पाणी जातं का, हेही त्यात विचारायचं असतं. अनेक घरांत सासू समोर बसलेली असते आणि बाई सगळ्याला "नाही" म्हणून मोकळी होते. आशाताईंना खरं सांगायचं असेल तर त्यांना दारापर्यंत सोडायला जाताना सांगावं. आमच्याकडे बायका तसंच करतात.

तिशीच का? विशीत विषाणू सापडला तरी तो बहुधा आपोआप जाणारा असतो. तेव्हापासून तपासत बसलं तर उगाच घबराट आणि उगाच उपचार.

शेवटी मी वहिनींना घेऊन गेले. "पाच मिनिटांत परत येऊ," एवढ्याच बोलीवर त्या आल्या. उपकेंद्राच्या आतल्या खोलीत हिरवा पडदा, लोखंडी टेबल, उभा दिवा. सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी मॅडमनी आधी सगळं बोलून दाखवलं आणि मगच वहिनींना टेबलावर घेतलं. गुडघे वाकवून झोपायचं. स्पेक्युलम नावाचं चोचीसारखं साधन आत सरकवतात, त्याने पिशवीचं तोंड डोळ्यांना दिसतं. अंग सैल सोडलं तर दुखत नाही, आखडून धरलं तर त्रास होतो. मग कापसाच्या बोळ्याने ॲसिटिक ॲसिडचं पातळ द्रावण तिथं लावतात. चायनीजच्या गाडीवर जे व्हिनेगर असतं त्यातलंच हे ॲसिड, 3 ते 5 टक्क्यांचं. थोडं चुरचुरतं. मग एक मिनिट थांबायचं. मॅडमनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, वहिनींनी माझा हात धरला.

त्या एका मिनिटात होतं ते असं. निरोगी भाग गुलाबीच राहतो. पेशी बदललेल्या असतील तर तेवढाच भाग पांढरा पडतो, कडा स्पष्ट दिसतात. ना प्रयोगशाळा, ना आठ दिवसांनी रिपोर्ट. निकाल त्याच टेबलावर. या तपासणीला व्हीआयए म्हणतात. वहिनींचं सगळं गुलाबी होतं. "झालं?" त्यांनी विचारलं. झालं होतं.

पांढरं दिसलं म्हणजे कॅन्सर झाला, असं बिलकुल नाही. हे बाईला तिथंच, टेबलावरून उठण्याआधी सांगायला हवं. साध्या सुजेनेसुद्धा पांढरं दिसतं. पुढे कॉल्पोस्कोप नावाच्या दुर्बिणीतून मोठं करून बघतात, शंका वाटली तर अगदी बारीक तुकडा काढून तपासायला देतात, ती बायोप्सी. कॅन्सरच्या आधीचा बदल निघाला तर तेवढाच भाग उष्णतेने जाळतात किंवा अतिथंडीने गोठवून टाकतात, कधी तारेच्या कडीने तेवढीच चकती काढतात. बाई चालत घरी येते, पिशवी जागेवर राहते.

व्हीआयएच्या मर्यादाही सांगते. पाळी गेल्यानंतर ज्या भागात बदल होतात तो आत सरकतो आणि डोळ्यांना नीट दिसत नाही. म्हणून पन्नाशीच्या आसपासच्या बाईला या तपासणीवर पूर्ण विसंबता येत नाही. दुसरं, बघणाऱ्याची नजर तयार लागते. एक मॅडम ज्याला डाग म्हणेल, त्याला दुसरी म्हणणार नाही.

इथं मराठवाड्याची एक गोष्ट सांगायलाच हवी. आपल्यालाच ती फारशी माहीत नसते.

1999 साली तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात एक मोठा अभ्यास सुरू झाला. शेजारच्या बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय, मुंबईचं टाटा रुग्णालय आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था यांनी मिळून तो केला. गावांचे 52 गट पाडले, त्यात 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायका होत्या. या गटांचे चार भाग केले. एका भागातल्या बायकांची एचपीव्ही विषाणूची तपासणी, दुसऱ्यात पॅप स्मिअर, म्हणजे पेशी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं, तिसऱ्यात व्हीआयए. चौथ्या भागात वेगळी तपासणी नाही, नेहमीचीच सोय. तपासणी आयुष्यात एकदाच. मग आठ वर्षं लक्ष ठेवलं.

2009 साली निकाल छापून आला आणि जगभर वाचला गेला. तपासणी न झालेल्या गटात या कॅन्सरने 64 बायका गेल्या होत्या, एचपीव्ही तपासणीच्या गटात 34. पुढच्या टप्प्यात गेलेले कॅन्सर तिकडे 82, इकडे 39. एका तपासणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. पॅप आणि व्हीआयएच्या गटांत मात्र मृत्यूंमध्ये असा ठोस फरक दिसला नाही. एचपीव्हीची तपासणी स्वच्छ आलेल्या बाईला पुढची कित्येक वर्षं कॅन्सर होण्याची शक्यता फार कमी असते, हेही इथंच पक्कं झालं. 2021 साली जागतिक आरोग्य संघटनेने ही तपासणी पहिल्या पसंतीची ठरवली, त्यामागच्या भक्कम पुराव्यांत आपल्या जिल्ह्याचा हा पुरावा आहे. भूम-परंड्याच्या, कळंब-तुळजापूरच्या बायका फडक्यात भाकरी बांधून तपासणीला आल्या, आणि त्यांच्यामुळे जगाला काहीतरी कळलं. चौथ्या गटाला तपासणीशिवाय ठेवणं योग्य होतं का, यावर पुढे टीकाही झाली, आणि तो प्रश्न रास्तच आहे. त्या 64 जणींचा विचार मनातून जात नाही.

मग सरकारने आपल्या तपासणीसाठी व्हीआयएच का घेतलं? स्वस्त आहे, वीज-यंत्र-प्रयोगशाळा लागत नाही, आणि निकाल हातोहात मिळाल्याने बाई निसटत नाही. शिवाय मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा रुग्णालयाने केलेल्या दुसऱ्या मोठ्या अभ्यासात, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी व्हीआयए केलं तेव्हा मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाले, असं 2013 साली समोर आलं. म्हणजे व्हीआयए टाकाऊ नाही. चांगल्या हातांनी आणि पुन्हा पुन्हा केलं तर जीव वाचवतं. पण एचपीव्ही तपासणी त्याहून भरवशाची आहे, तिचा नमुना बाई स्वतःच आडोशाला जाऊन घेऊ शकते, टेबल नको, दिवा नको. ज्या जिल्ह्याने जगाला ही तपासणी शिकवली, त्या जिल्ह्याच्या उपकेंद्रांत ती सगळ्यात आधी यायला हवी, असं मला मनापासून वाटतं. ते आपलं देणं आहे.

तूर्त मात्र जे आहे तेही वापरलं जात नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 30 ते 49 वयाच्या बायकांना विचारलं, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी आयुष्यात कधी केली का? देशभरात फक्त 1.9 टक्के बायका हो म्हणाल्या. शंभरात दोघीसुद्धा भरत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने 2030 पर्यंत 70 टक्के बायकांच्या तपासणीचं उद्दिष्ट ठेवलं आहे. त्याच्या जोडीला पंधराव्या वर्षाआधी 90 टक्के मुलींना एचपीव्हीची लस आणि आजार निघालेल्या 90 टक्के बायकांना उपचार.

तपासणी नसली की तिच्या जागी भीती येते, आणि भीतीचा धंदा होतो. बीड जिल्ह्याने हे भोगलंय.

2019 साली ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण गाजलं, तेव्हा सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड बायकांच्या पाहणीत 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. दर सहा बायकांमागे एक. ऐन तिशीतल्या पोरीही त्यात होत्या. कारणं वेगवेगळी सांगितली जातात, फडावर पाळीच्या दिवसांतला खाडा, मुकादमाची उचल, पण दवाखान्यात ऐकलेलं एक वाक्य जवळपास प्रत्येकीच्या तोंडी असतं: "पिशवी काढून टाक, न्हाईतर कॅन्सर होईल."

माझ्या मावशीलाही हेच सांगितलं होतं. अंगावरून पांढरं जातं म्हणून ती एका खासगी दवाखान्यात गेली, वय एकोणतीस. सोनोग्राफी झाली आणि आठ दिवसांत पिशवी गेली. तुकडा तपासला नव्हता, पिशवीचं तोंड कुणी डोळ्यांनी बघितलंही नव्हतं. बांगड्या मोडून पैसे भरले. पुढे तिच्या अंगाची आग व्हायची, झोप उडाली, हाडं दुखायला लागली. पिशवीबरोबर अंडाशयही काढलेत, हे तिला चार वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरांकडून कळलं.

अंगावरून पांढरं जाणं ही बहुतेक वेळा जंतुसंसर्गाची तक्रार असते, गोळ्यांनी बरी होते. गाठी, कशानेही न थांबणारा रक्तस्राव अशा कारणांनी पिशवी काढावी लागते, ते वेगळं, त्याला माझी ना नाही. पण कॅन्सरची नुसती भीती घालून कुणी ऑपरेशन सुचवलं, तर एकच विचारायचं: बायोप्सीचा रिपोर्ट कुठं आहे? तुकडा तपासल्याशिवाय कॅन्सर ठरत नाही. बदल अगदी सुरुवातीचा असेल तर पिशवी काढायची गरज बहुधा पडत नाही. आणि पसरणारा कॅन्सर असेल तर साधी पिशवी काढणं हा त्याचा उपचारच नव्हे. त्याला मोठं ऑपरेशन किंवा शेक लागतो, आधी साधी पिशवी काढून बसलं की पुढचा उपचार अवघड होतो. म्हणजे दोन्हीकडून बाईचंच नुकसान. ज्यांची पिशवी आधीच काढलेली आहे त्यांनी कागद शोधून ठेवावेत. काही ऑपरेशनांत पिशवी काढतात पण तोंड तसंच राहतं, त्या बाईला तपासणी लागतेच.

आता लसीविषयी. विषाणू लागण्याआधी दिली तरच तिचा खरा उपयोग, म्हणून वय 9 ते 14. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्वाव्हॅक ही भारतीय बनावटीची लस जानेवारी 2023 मध्ये बाजारात आली, ती 16 आणि 18 सह चार प्रकारांपासून वाचवते. त्याआधी 2022 साली लसीकरणाबाबत केंद्राला सल्ला देणाऱ्या तज्ज्ञ गटाने एचपीव्हीची लस राष्ट्रीय कार्यक्रमात घ्यावी अशी शिफारस केली होती, आणि 1 फेब्रुवारी 2024 च्या अंतरिम अर्थसंकल्पात 9 ते 14 वयाच्या मुलींच्या लसीकरणाला प्रोत्साहन देण्याचं अर्थमंत्र्यांनी जाहीर केलं.

लसीबद्दल लोकांच्या मनात किंतु आहे, तो आकाशातून पडलेला नाही. 2009-10 मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यांत मुलींना एचपीव्हीची लस देणारा एक प्रकल्प झाला. काही मुलींच्या मृत्यूनंतर तो थांबवला गेला. चौकशीत ते मृत्यू लसीमुळे झाल्याचं आढळलं नाही, पण पालकांची संमती घेण्यात ढिसाळपणा झाला होता, आणि त्यावर संसदीय समितीने कडक ताशेरे ओढले. ते बरोबरच होतं. त्याच सुमारास देशात दुसरा एक अभ्यास चालू होता, त्याचंही लसीकरण मधेच थांबलं. बऱ्याच मुलींना एकच डोस मिळालेला होता. पुढे वर्षानुवर्षं त्या मुलींवर लक्ष ठेवलं तेव्हा दिसलं, की एका डोसनेही संरक्षण जवळपास तेवढंच मिळतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 साली एक डोसही चालेल असं सांगितलं, त्याला या भारतीय मुलींचा मोठा आधार आहे. मुलीला लस दिली म्हणून तिशीनंतरची तपासणी सुटत नाही, हे मात्र लक्षात राहू द्या. आपल्या गावात लस कधी आणि कुठं मिळेल हे आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारायचं.

आजार निघालाच तर मराठवाड्यात उपचार आहेत. छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, धाराशिव-बीडकडच्या लोकांना बार्शी जवळ पडतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटायचं. खासगीत आगाऊ पैसे भरण्याआधी भेटायचं, नंतर नाही.

आमच्या उपकेंद्रात त्या दिवशी बावीस बायका झाल्या. एकीला पांढरा डाग दिसला. नवरा-बायकोचा कोयता आहे, म्हणजे दोघं जोडीनं ऊस तोडतात, दसरा झाला की टोळी कर्नाटकात जाते. ती बाहेर पायरीवर बसून एकच म्हणत होती, "आता पिशवी काढावी लागन का?" मॅडमनी तिच्याशेजारी बसून तीन वेळा सांगितलं, नाही लागणार. पुढच्या आठवड्यात आशाताई स्वतः तिला घेऊन जिल्ह्याला गेल्या. दुर्बिणीतून बघितलं, तुकडा तपासला, कॅन्सर नव्हता, त्याआधीचा बदल होता. उष्णतेने तेवढी जागा जाळली आणि संध्याकाळच्या एसटीने दोघी परत आल्या. पुढची तपासणी वर्षानं. कार्डावर तारीख लिहिताना आशाताई जरा थांबल्या, भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटून यंदाचा दसरा बघितला, त्यावरून पुढच्या वर्षीच्या दसऱ्याचा अंदाज बांधला, आणि त्याच्या तीन आठवडे आधीची तारीख घातली.